वाघझरीची वयं

टेबलावर दोन गठ्ठे होते. प्रत्येकात एकशेवीस प्रश्नावल्या, प्रत्येक प्रश्नावलीला चार पानं, प्रत्येक पानावर नऊ प्रश्न. डावीकडचा गठ्ठा विश्वजित घोरपडेचा. चहाचे डाग शून्य, खाडाखोड शून्य. उजवीकडचा अनसूया भिसेंचा. चहाचे डाग चौदा, हळदीची बोटं तीन, समासात पेन्सिलीनं केलेल्या नोंदी दोनशे सहा, आणि एकोणनव्वदाव्या प्रश्नावलीच्या पाठीवर कुणीतरी काढलेला एक कोंबडा. कोंबड्याला पाय तीन.

हे सगळं मी मोजलं होतं, कारण मोजू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणते आमची सायन्सवाली?" जगदाळे सरांनी विचारलं. सर समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांची एम.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मैत्रेयी गद्रे, संख्याशास्त्रात बी.एस्सी., पुण्याची. म्हणजे सगळं येत होतं. विभागात एक मोठा प्रकल्प चालू होता, ग्रामीण भागातल्या म्हाताऱ्या माणसांना घरात कसं वागवतात याचा. दोन गावं, दोन एम.फिल.चे विद्यार्थी: वाघझरी अनसूयाताईंकडे, तांबखडी विश्वजितकडे. त्यांनी आणलेली माहिती विश्वासार्ह आहे का हे तपासणं हा माझा प्रबंध. त्याच्या शीर्षकात एकवीस शब्द होते आणि त्यातला एकही माझा नव्हता.

"सर, एक गडबड आहे," मी म्हणाले. "वयांमध्ये."

खुर्चीवर रेलून बसलेला विश्वजित सरळ झाला. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या असल्यामुळे त्याला सरांच्या केबिनमध्ये बसायला कारण लागत नसे.

"माणसांची वयं घेतली तर शेवटचा अंक शून्य ते नऊ यांपैकी कुठलाही असू शकतो," मी सांगितलं. "सगळे अंक साधारण सारखेच यायला हवेत. शून्य किंवा पाच असलेली वयं एकशेवीसमध्ये किती? अपेक्षित चोवीस. विश्वजितच्या गठ्ठ्यात पंचवीस आहेत."

"म्हणजे एक जास्त झालं?" विश्वजितनं काळजीनं विचारलं.

"नाही, उत्तम आहे. अनसूयाताईंच्या गठ्ठ्यात त्र्याऐंशी आहेत."

सरांनी चष्मा काढला. मी आलेख पुढे सरकवला. विश्वजितचा आलेख नुकत्याच कापलेल्या हिरवळीसारखा सपाट होता. अनसूयाताईंच्या आलेखात दोन ताडाची झाडं होती आणि मध्ये माळरान.

"असं आपोआप होण्याची शक्यता लिहायची झाली तर दशांशचिन्हानंतर तिसेक शून्यं द्यावी लागतील," मी म्हणाले. हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"म्हणजे बाईंनी घरी बसून भरल्या," सर म्हणाले.

"जाऊ द्या सर," विश्वजित म्हणाला. मन मोठं होतं त्याचं. "घरचं, पोराबाळांचं बघून करतात बिचाऱ्या. माणूस थकतो. पन्नास, साठ, पासष्ट लिहून मोकळा होतो."

"तसं कसं जाऊ द्यायचं? संशोधन आहे हे. गद्रे, लेखी टिपण दे. दोन पानं. तुपेंकडून आवक क्रमांक घालून घे."

मी टिपण दिलं. विभागाचे लिपिक तुपेभाऊ यांनी त्यावर शिक्का मारला आणि क्रमांक घातला. विज्ञानानं समाजशास्त्राच्या अंगणात पहिलं पाऊल टाकलं होतं आणि त्याची नोंद आवक वहीत झाली होती.

अनसूयाताई मला ग्रंथालयाच्या पायरीवर भेटल्या. एकतीस-बत्तीसच्या असतील. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या, आणि दुपारच्या गाडीनं विद्यापीठात यायच्या. टिपणाची प्रत त्यांच्या हातात होती.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "भाषा स्वच्छ आहे. 'सदर माहिती क्षेत्रकार्यातून आलेली असणे संभवत नाही.' छान."

"ताई, वैयक्तिक काही नाही. आकडे तसं म्हणतात."

"आकडे काय म्हणतात ते कळलं. मला कॉलेजनं काय म्हटलंय ते सांगू? मेअखेर एम.फिल. हातात नसलं तर पुढच्या वर्षी येऊ नका. माझ्या जागी बाई बघून ठेवलीय. तिला समाजशास्त्रातलं ओ की ठो येत नाही, पण ती सचिवांच्या मेव्हण्याची पोरगी आहे." त्यांनी प्रतीची घडी घातली. "सोमवारी समिती आहे. हे टिपण मान्य झालं तर माझी नोंदणी रद्द. सात वर्षं शिकवतेय मी तिथं."

मी पद्धतीवर बोलले. "पण मग ही वयं आली कुठून?"

"लोकांनी सांगितली. मी लिहिली."

"म्हणजे लोक खोटं बोलले?"

"खोटं नाही गं. गोल बोलले." त्या उठल्या. "तुमच्या सायन्समध्ये फेरमोजणी असते ना? शनिवारी साडेसातची गाडी आहे वाघझरीला. उन्हाची टोपी आण."

मी टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, गणकयंत्र आणि कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन गेले. अनसूयाताईंनी एक पिशवी आणि पेन्सिल घेतली होती.

वाघझरीत आम्ही पहिल्यांदा गेलो ते ठकूबाईंच्या दारात. ठकूबाई सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होत्या. प्रश्नावली क्रमांक एक, वय साठ.

"आजी, वय किती तुमचं?" मी पेन सरसावून विचारलं.

"अनसूये, ही बया बी तेच इचारतीया की गं. तू न्हवतं का लिवलं?"

"लिहिलं होतं आत्या. हिला स्वतःच्या कानानं ऐकायचंय."

"मग लिव्ह की साठ."

मी जुनी प्रश्नावली उलटली. "पण आजी, तुमच्या थोरल्या मुलाचं वय पन्नास लिहिलंय."

"असंल."

"म्हणजे तो झाला तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या होतात."

ठकूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या इतक्या हसल्या की शेजारच्या दारातून एक म्हातारी डोकावली. "ऐकलं का गं, हौसा? म्या धाव्या वर्सी बाळातीन झाले म्हनं!" मग माझी कीव येऊन त्या म्हणाल्या, "बरं, पासष्ट लिव्ह. तुजं बी मन राहील."

"आजी, माझ्या मनासाठी नाही, खरं वय हवंय."

"खरं?" त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "पोरी, बाजारात शेरडाचं वय इचारत्यात, दात बघून. मान्साचं कशाला लागतंय?"

बी.एस्सी.च्या तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

अनसूयाताई पायरीवर बसल्या. "आत्या, कोयनेचा भूकंप झाला तवा तुमी कुठं हुता?"

"इथंच. पहाटंचं फळीवरची सारी भांडी खडाखडा खाली आली. चवथं पोटात हुतं. ह्यांनी मला धरून भाईर काढली, आन् मग ध्यानात आलं, तिन्ही पोरं आतच ऱ्हायली."

"आणि थोरला झाला तवा?"

"लगीन हून चार वर्सं झालीती. सासू म्हनायला लागलीती, वांझ हाय."

"लगीन झालं तवा न्हाण आलं हुतं?"

"त्याच वर्सी."

अनसूयाताईंनी बोटांवर मोजलं. मी कागदावर मोजलं. त्यांचं उत्तर सदुसष्ट, माझं अडुसष्ट, आणि माझ्याकडे गणकयंत्र होतं. मग मी पहिल्या प्रश्नावलीच्या समासाकडे पाहिलं. पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'भूकंपात चौथं पोटात. म्हणजे वय ६७-६८.' अशा दोनशे सहा नोंदी होत्या. माझ्या टिपणात त्या 'अनावश्यक खाडाखोड' या सदरात आल्या होत्या.

"हे तुम्ही वयाच्या रकान्यात का नाही लिहिलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"रकान्यावर काय छापलंय? 'उत्तरदात्याने सांगितलेले वय.' तिनं सांगितलेलं साठच आहे. माझा अंदाज मी समासात लिहिला. रकाना सरांनी बनवलाय, मी नाही."

दुपारपर्यंत मी बावीस जणांना वय विचारलं. एकानं विचारलं की नोकरी लावणार आहेस का. एक आजोबा म्हणाले, "बहात्तरच्या दुस्काळात खडी फोडायला हुतो, आता तूच बघ." एका बाईंनी माझं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं, आणि दोन्ही उत्तरं ऐकून माझ्या आईबद्दल चिंता व्यक्त केली. बावीसपैकी नऊ जणांनी मागच्या वेळचंच वय सांगितलं. तेरा जणांनी वेगळं सांगितलं, पण तेही बहुतेक गोलच. शेवटचा अंक शून्य किंवा पाच: अपेक्षित चार पूर्णांक चार, प्रत्यक्ष सतरा.

हे सतरा मी स्वतः, स्वतःच्या पेननं, घरी न बसता लिहिले होते.

एस.टी.च्या थांब्यावर भाकरी खाताना मला पुढचा प्रश्न पडला. तो आधी पडायला हवा होता, पण मी विज्ञान शाखेची असल्यामुळे ठसका लागल्यावरच पडला.

"ताई, तांबखडी इथून किती लांब?"

"सहा किलोमीटर. का?"

"तिथली माणसं त्रेसष्ट, सत्तावन्न, एकाहत्तर अशी वयं कशी काय सांगतात? तिथं काय प्रत्येकाला जन्मदाखला मिळालाय?"

अनसूयाताईंनी लोणच्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवली. "मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या, "तुझी गाडी तिथं कधी पोचतेय."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर ती चहाडी. तू बोललीस तर ते संशोधन."

वडापच्या जीपनं आम्ही तांबखडीला गेलो. माझ्याकडे विश्वजितच्या पहिल्या दहा जणांची नावं होती. गावात दहाही नावं बरोबर होती, कारण ती मतदार यादीतून घेतलेली होती, त्याच क्रमानं. सात जण भेटले. त्यांच्याकडे आजवर कोणी काही विचारायला आलं नव्हतं. आठवा, नववा आणि दहावा भेटले नाहीत, कारण ते वारले होते. त्यातल्या गंगूबाई तर आठ वर्षांपूर्वी.

आम्ही गंगूबाईंच्या सुनेच्या ओट्यावर बसलो होतो. मी प्रश्नावली काढली. प्रश्न सव्वीस: सून वेळेवर जेवायला वाढते का? उत्तर: नेहमी. प्रश्न सत्तावीस: घरातल्या निर्णयात तुमचं मत घेतात का? उत्तर: हो, बहुतेक वेळा.

"काय लिवलंय त्यात सासूबायनी?" सुनेनं विचारलं.

"समाधानी आहेत," मी सांगितलं.

"जित्या हुत्या तवा कंदी बोलल्या न्हाईत असं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

रविवारी मी दुसरं टिपण लिहिलं. सात पानं. पहिल्या टिपणातले सगळे निष्कर्ष चुकीचे असून ते मी मागे घेत आहे, असं त्याचं पहिलं वाक्य होतं.

सोमवारी समिती बसली. खोलीत जगदाळे सर, विभागातले तीन प्राध्यापक, मुंबईहून आलेल्या बाह्य सदस्य डॉ. ओक मॅडम, टिपण घेणारे तुपेभाऊ, अनसूयाताई, मी, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेले शिपाई दगडूमामा.

"विषय क्रमांक चार," सर म्हणाले. "श्रीमती भिसे यांच्या माहितीची विश्वासार्हता. गद्रे यांचं शास्त्रीय टिपण आपल्यासमोर आहे."

"सर, ते मी मागे घेतेय. नवीन दिलंय."

सरांनी तुपेभाऊंकडे पाहिलं. "मागं घेता येत नाही मॅडम," तुपेभाऊ हळहळत म्हणाले. "आवक क्रमांक पडलाय. नवीन टिपण विषयपत्रिका निघाल्यावर आलं. त्याला क्रमांकच नाही."

"पण पहिलं चुकीचं आहे!"

"असंल. पण दाखल आहे."

"सर, तांबखडीच्या गठ्ठ्यात तीन माणसं मेलेली आहेत."

टेबलाभोवती थोडी चुळबूळ झाली. सरांनी हात वर केला. "तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही. पुढच्या बैठकीत घेऊ. मयत आहेत, कुठे जात नाहीत."

पुढच्या बैठकीत तो विषय आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विश्वजित आज एका महाविद्यालयाचा प्राचार्य आहे आणि संशोधनातली नीतिमत्ता या विषयावर व्याख्यानं देतो. मी एक ऐकलं. आलेख फार सुंदर होते.

"तर प्रश्न एवढाच," सर म्हणाले, "की एकशेवीसपैकी त्र्याऐंशी माणसांची वयं अशी गोल असू शकतात का? कुणाही सुशिक्षित माणसाच्या बुद्धीला हे पटणार नाही. मी स्वतः खेड्यातून आलोय. मला कोणी शिकवू नये." त्यांनी पुढ्यातला कागद तुपेभाऊंकडे सरकवला. "नोंदणी रद्द करण्याची शिफारस लिहा."

तुपेभाऊंनी पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," ओक मॅडम म्हणाल्या. "मला समजून घ्यायचंय. खेड्यातल्या निरक्षर माणसांना वय माहीत नसेल, हे पटतं मला. पण मग ही सगळी माहितीच बिनभरवशाची ठरते ना? निदान जिथे कागदावर जन्मतारीख आहे, शाळेचा दाखला आहे, तिथे तरी असं होत नसेल."

"होतं मॅडम," अनसूयाताई म्हणाल्या. "सर, विचारू का एक?"

"विचारा."

"तुमची जन्मतारीख काय?"

सर हसले. "त्याचा इथं काय संबंध?"

"दाखल्यावरची, सर."

"एक जून एकोणीसशे पन्नास."

"आणि आई काय सांगायच्या?"

तुपेभाऊंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, चालत नव्हतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"आई म्हणायची, वसुबारस," ते म्हणाले. "गोठ्यात गाय व्याली आणि घरात मी झालो, एकाच दिवशी. दिवाळी तशीच राहिली त्या वर्षी. कुठल्या वर्षी, ते तिला सांगता यायचं नाही." त्यांनी उजवा हात उचलून डोक्यावरून पलीकडे नेला आणि बोटांनी डाव्या कानाची पाळी धरली. विभागप्रमुखांना अशा अवस्थेत मी आधी पाहिलं नव्हतं. "मास्तरांनी असं करायला लावलं. कान हाताला लागला. म्हणाले, सहा पूर्ण. घाला नाव."

"हे वय मोजायचं साधन?" ओक मॅडमनी विचारलं.

"लांब हाताच्या पोरांना एक वर्ष फुकट मिळायचं," सर म्हणाले आणि हात खाली घेतला.

"पण मग एक जूनच का?"

"मॅडम, जूनात शाळा भरायच्या," तुपेभाऊ म्हणाले. "मास्तर नावं घालताना सरसकट तीच तारीख टाकायचे. कोण बघतंय? माजीपण तीच हाय." कार्यालयीन भाषा त्यांच्याकडून पहिल्यांदाच निसटली होती.

"माजी बी," दगडूमामा ट्रे धरून म्हणाले.

टेबलाच्या टोकाला सावंत सरांनी, वर्गात करतात तसा, हात वर केला. बाकीचे दोन प्राध्यापक एकमेकांकडे पाहून नाही म्हणाले. ते शहरातले होते, दवाखान्यात जन्मलेले, माझ्यासारखे.

ओक मॅडम अनसूयाताईंकडे वळल्या. "आणि तुमची?"

"तीच," ताई म्हणाल्या. "मला मास्तरांनी कानसुद्धा धरायला लावला नव्हता. थोरल्या बहिणीबरोबर दारात उभी होते, म्हणाले, हिलाही घ्या."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचं शेड होतं. मग त्यांनी चष्मा घातला.

"तुपे, ते खोडा."

"काय लिहू सर?"

"लिहा. वाघझरी येथील एकशेवीस प्रश्नावल्या ग्राह्य. श्रीमती भिसे यांनी मेअखेर प्रबंध सादर करावा. समासातल्या नोंदींसह. आणि दगडू, तो ट्रे ठेव खाली, चहा गार झाला."

अनसूयाताईंनी बशीत चहा ओतला, आणि थोडा पुढ्यातल्या प्रश्नावलीवर सांडला. डाग पंधरावा.

मी वहीचं शेवटचं पान उघडून लिहिलं: खोलीतली माणसं, नऊ. जन्मतारीख एक जून. अपेक्षित: शून्य पूर्णांक शून्य दोन पाच. प्रत्यक्ष: पाच.